पद्मिनीचा ब्रेक हलका करताना

ब्रेकचे पेडल जड लागते, कारण गाडी थांबवायला लागणारा जवळजवळ सगळा जोर चालकाच्या पायातून येतो. आजच्या गाड्यांत त्यातला मोठा वाटा इंजिनाच्या मदतीने चालणारा बूस्टर उचलतो. 1960–70 च्या दशकांतल्या साध्या गाड्यांत अशी मदत नव्हती. महाराष्ट्राला याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी. 1964 मधली फियाट 1100 डिलाइट, 1972 मधली प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासूनची प्रीमियर पद्मिनी ही मुळात एकच गाडी. सुमारे 900 किलो वजन, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मधे कोणताही बूस्टर नाही. इटलीत 1966 साली आलेल्या 1100 आर या मॉडेलच्या पुढच्या चाकांना डिस्क बसल्या. इथे मात्र पुढे कित्येक वर्षे ड्रमच राहिले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेल्या. ज्या उरल्या त्या बहुतेक हौशी मालकांकडे आहेत. हे मालक एरवी नवी गाडी चालवतात आणि रविवारी पद्मिनी बाहेर काढली की पहिल्याच सिग्नलला त्यांचा पाय दचकतो.

हा ब्रेक हलका करता येतो, पण त्याआधी जोर कुठून कसा जातो ते पाहायला हवे. पाय पेडल दाबतो. पेडल ही तरफ आहे, त्यामुळे पायाचा जोर साधारण पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दांड्यावर येतो. मास्टर सिलिंडरचा पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो. हा दाब पाईपांतून चारही चाकांपर्यंत सारखा पोचतो आणि तिथले व्हील सिलिंडर शू ड्रमवर दाबतात. शेवटी शूवरचा लायनर आणि ड्रम यांच्या घर्षणाने चाक मंदावते. या साखळीत कुठेही जोर वाढवायचा म्हटले की त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: निम्म्या जोराने काम हवे असेल तर पायाला दुप्पट अंतर जावे लागते. पेडलखाली जागा मात्र ठरलेली असते. पेडल फरशीला टेकले की ब्रेक संपला. म्हणून पेडल हलके करण्याचा प्रत्येक यांत्रिक उपाय हा जोर आणि अंतर यांच्यातला सौदा ठरतो. बाहेरून नवी ऊर्जा आणतो तो फक्त बूस्टर.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत सौद्यापर्यंत जावेच लागत नाही, कारण ब्रेक मुळात आजारी असतो. कारखान्यातून निघालेली पद्मिनी मध्यम बांध्याच्या माणसाला विनासायास थांबवता येत होती. तीच गाडी आज दोन्ही पायांनी दाबावीशी वाटत असेल, तर मधल्या चाळीस वर्षांत काहीतरी बिघडले आहे, आणि ते न शोधता बूस्टर बसवणे म्हणजे बिघाडावर जोर चढवणे. तक्रार नेमकी कोणती आहे हेही आधी ठरवावे. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर पाईपमध्ये हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचा रबरी सील आतून तेल सोडतो आहे. दोनदा पंप केल्यावरच ब्रेक लागत असेल तर शू ड्रमपासून लांब गेले आहेत आणि ते ॲडजस्ट करायला हवेत. या तिन्ही तक्रारींचा जडपणाशी संबंध नाही. पेडल वरच्या वर, दगडासारखे घट्ट लागते आणि तरीही गाडी थांबत नाही, तेव्हाच त्याला जड ब्रेक म्हणावे.

जड ब्रेकचे मूळ बहुतेक वेळा लायनर आणि ड्रम यांच्यात सापडते. ड्रम ब्रेकला निसर्गतः एक मदत मिळते. ड्रम ज्या दिशेला फिरतो त्या दिशेला उघडणारा शू, म्हणजे लीडिंग शू, ड्रमच्या घर्षणानेच आणखी घट्ट ओढला जातो. त्याच्या समोरचा ट्रेलिंग शू उलट मागे ढकलला जातो. त्यामुळे अशा जोडीत बहुतेक काम लीडिंग शूच करतो. बूस्टरशिवाय ड्रम ब्रेक चालत आले ते या आपोआपच्या ओढीमुळे. मात्र ही ओढ घर्षणावर अवलंबून असते. लायनर काचेसारखा गुळगुळीत झाला किंवा त्यावर ग्रीस उडाले, की घर्षण घटते. ते पाव भागाने घटले, तर ओढही सोबत ढासळत असल्याने ब्रेकचा एकूण जोर पाव भागाहून बराच जास्त घटतो. चालकाला ते ‘ब्रेक कडक झाला’ असे जाणवते.

दुसरा दोष डोळ्यांना सहज दिसत नाही. ड्रम घासून खड्डे पडले की तो लेथवर टर्न करून घेतात. त्यामुळे ड्रमचा व्यास वाढतो, पण बाजारातून आणलेल्या शूची गोलाई मूळ मापाचीच असते. मग शू मध्यभागी तेवढा टेकतो आणि दोन्ही टोके अधांतरी राहतात. याची परीक्षा खडूने होते. ड्रमच्या आतल्या भागावर खडू फिरवावा, ड्रम बसवावा, शू हलके टेकतील इतके ॲडजस्ट करून चाक हाताने दोन-तीन वेळा फिरवावे आणि ड्रम पुन्हा काढावा. लायनरवर जिथे पांढरे उमटले तिथेच तो टेकतो. पट्टा जेमतेम मधल्या तिसऱ्या भागात उमटला असेल, तर ड्रमच्या नव्या मापाला जाड लायनर लावून त्याची गोलाई त्या ड्रमशी जुळवून घ्यावी लागते. पूर्वी लायनर रिव्हेट करणारे कारागीर हे काम सवयीने करत. आज त्यासाठी चांगला माणूस शोधावा लागतो, पण शोधणे सार्थ आहे. हे एकच काम नीट झाले तर पुष्कळ गाड्यांचा जडपणा तिथेच संपतो.

लायनरचा मालही पाहून घ्यावा. अनेक लायनरच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर थंड असतानाचे घर्षण सांगते, दुसरे तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, ‘एफ’ म्हणजे 0.35 ते 0.45. जास्त टिकावा म्हणून कठीण लायनर घेतला तर तो खरोखर टिकतो, पण पायाला महाग पडतो. उलट फार चावणारा लायनर लीडिंग शूची ओढ इतकी वाढवतो की पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा पहिला ब्रेक झटक्याने लागतो. जुने ड्रम उघडताना एक खबरदारी अटळ आहे. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसात कायमची बसते. ड्रममधली धूळ हवेच्या पाईपने उडवू नये. ओली करून पुसून काढावी.

व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून अडकले असतील तर दाब पोचूनही शू हलत नाही, आणि गाडी एका बाजूला ओढते. रबरी होज पाईप बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून सुजून त्यांचे भोक बुजते. हे पाईप वयावरून बदलावेत, दिसण्यावरून नव्हे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तर झपाट्याने. डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान 205 अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. हाच ओलावा सिलिंडरला आतून गंजवतो. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणारा मालक सिलिंडरच्या खर्चातून सुटतो. पेडल ज्यावर फिरते त्या खिळीला शेवटचे ग्रीस कधी लागले होते तेही तपासावे. कोरड्या बुशमध्ये पायाचा काही जोर फुकट जातो.

एवढे सगळे झाल्यावरही पेडल जड वाटले, तरच माप बदलण्याचा विचार करावा. त्यातला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मास्टर सिलिंडर बारीक करणे. बारीक पिचकारीचा दट्ट्या सहज सरतो पण पाणी थोडे येते, तसेच इथे घडते. पायाने 30 किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ पाचपट असली, तर पिस्टनवर 150 किलोचा जोर येतो. सिलिंडर पाऊण अधिक एक-अष्टमांश, म्हणजे 7/8 इंची असेल तर त्याचे क्षेत्रफळ 3.88 चौरस सेंटिमीटर भरते आणि ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 39 किलो होतो. त्या जागी 3/4 इंची सिलिंडर बसवला तर क्षेत्रफळ 2.85 आणि दाब जवळपास 53 किलो होतो. म्हणजे तेवढ्याच पायात 36 टक्के जास्त ब्रेक मिळतो, किंवा तेवढाच ब्रेक 30 ऐवजी 22 किलोत लागतो. हिशेबाची दुसरी बाजू अशी: आधी ब्रेक लागायला पेडल 75 मिलिमीटर खाली जात असेल, तर आता ते 102 मिलिमीटर जाईल. हा इंचभर फरक ड्रम थंड असताना चालून जातो. घाट उतरताना ड्रम तापून फुगतात, शूपासून लांब जातात, आणि नेमके तेव्हा ते अंतर कमी पडते. म्हणून सिलिंडर एका मापाने उतरवावा, दोन मापांनी नाही. आणि बदल केल्यावर शू काटेकोर ॲडजस्ट ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

पेडलची तरफ बदलणे हा त्याच सौद्याचा दुसरा प्रकार. खिळीपासून पाय ठेवण्याच्या जागेपर्यंतचे अंतर 250 मिलिमीटर आणि खिळीपासून दांड्यापर्यंतचे 50 असेल तर तरफ पाचपट होते. दांडा 42 मिलिमीटरवर आणला की ती सहापट होते. बूस्टर नसलेल्या गाड्यांत सहापटीच्या आसपासची तरफ असते, बूस्टर असलेल्यांत चौपटीच्या. पण पेडलला नवे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे हे नाक्यावरच्या गॅरेजचे काम नव्हे, कारण पेडल तुटले तर ब्रेकच राहत नाही. दांड्याचा कोन बदलला तर तो पिस्टनला तिरका ढकलतो आणि सील एका बाजूने झिजतो. शिवाय दांडा आणि पिस्टन यांच्यात एक-दीड मिलिमीटरची मोकळीक राहायलाच हवी. मास्टर सिलिंडरच्या आत ऑइलच्या डबीकडे जाणारे मिलिमीटरहूनही बारीक छिद्र असते. पाय काढल्यावर तापून वाढलेले ऑइल त्यातून परत जाते. मोकळीक नसेल तर पिस्टन ते छिद्र झाकून बसतो, ऑइलला वाट मिळत नाही आणि काही किलोमीटरनंतर ब्रेक आपोआप लागत जाऊन चाके जाम होतात. दुरुस्तीनंतर ‘गाडी ओढत नाही’ अशी तक्रार आली तर सगळ्यात आधी ही मोकळीक पाहावी.

व्हील सिलिंडर मोठे घालूनही पेडल हलके होते, पण तिथे पुढच्या-मागच्या चाकांचा तोल बिघडण्याचा धोका आहे. पद्मिनीच्या दोन आसांमधले अंतर 2.34 मीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर धरला, तर जोरदार ब्रेकमध्ये सुमारे 135 किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर सरकतो. हलक्या झालेल्या मागच्या चाकांना ब्रेक जास्त मिळाला तर ती आधी जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी गर्रकन फिरते. त्यामुळे फक्त मागचे सिलिंडर मोठे करणे हा उपाय कधीही करू नये.

बूस्टर मात्र सौदा न करता काम हलके करतो. बेल्जियन अभियंता आल्बेर देवांद्र याच्या कल्पनेवरचा व्हॅक्यूम सर्व्हो बॉश कंपनीने 1927 मध्ये बाजारात आणला, आणि आजच्या गाड्यांतले बहुतेक बूस्टर त्याच तत्त्वावर चालतात. पेट्रोल इंजिन श्वास घेते तेव्हा थ्रॉटलच्या मागे, इनटेक मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. पाईपने ही विरळ हवा पत्र्याच्या गोल डब्यापर्यंत आणलेली असते. डब्याच्या मध्ये रबरी पडदा असतो. पाय पेडलवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना विरळ हवाच असते. पेडल दाबले की एक व्हॉल्व्ह पडद्याच्या पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा आत घेतो, आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. 7 इंच व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ 248 चौरस सेंटिमीटर असते. मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या 500 मिलिमीटरइतकी पोकळी असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 0.68 किलो, म्हणजे पडद्यावर सुमारे 168 किलोचा जोर मिळतो. स्प्रिंगचा विरोध वजा जाता दीडशेच्या आसपास. वरच्या उदाहरणात पायाचा तरफेनंतरचा जोरही 150 किलोच होता. पेडलचे अंतर फारसे न वाढता दांड्यावरचा जोर दुप्पट झाला. पडद्यापुढच्या रबरी चकतीतून त्यातला थोडा विरोध पायापर्यंत परत येतो, म्हणून ब्रेक किती लागला हे चालकाला कळते.

जुन्या गाडीत हा डबा बसवायचा कुठे, हा खरा प्रश्न असतो. पेडल आणि मास्टर सिलिंडर यांच्या मध्ये जागा नसते, आणि असली तरी तिथला पातळ पत्रा एवढा जोर पेलताना वाकतो. वाकण्यात गेलेला जोर ब्रेकला मिळत नाही. जागा निघालीच तर पत्र्याला आतून जाड पट्टी देऊन मगच बूस्टर आवळावा. पद्मिनीसारख्या गाडीला रिमोट सर्व्हो जास्त सोयीचा ठरतो. तो बॉनेटखाली कुठेही बसतो, पेडलला जोडलेला नसतो. मास्टर सिलिंडरकडून आलेला पाईप त्यात शिरतो आणि दुप्पट दाब घेऊन चाकांकडे निघतो. मूळ पेडल, मूळ सिलिंडर तसेच राहतात, आणि उद्या गाडी मूळ रूपात न्यायची झाली तर चार पाईप बदलले की काम झाले. केंद्र सरकारने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. त्या वाटेवरच्या मालकांनी असेच मागे घेता येणारे बदल निवडावेत आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा.

बूस्टरची पोकळी पेट्रोल इंजिनाच्या थ्रॉटलमुळे तयार होते. डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटल नसतो, त्यामुळे डिझेल बसवलेल्या जुन्या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो बहुधा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला मिळतो. पाईप जाड भिंतीचा आणि व्हॅक्यूमसाठीचाच हवा, नाहीतर तो आत चेपला जातो. मॅनिफोल्ड आणि डबा यांच्यामधला एकमार्गी व्हॉल्व्ह डब्यात पोकळी साठवून ठेवतो, म्हणून इंजिन बंद पडले तरी दोन-तीन ब्रेक हलके लागतात. नंतर मात्र सगळा भार पुन्हा पायावर येतो. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून गाडी सोडणे म्हणूनच जीवघेणे आहे. उंचीचाही परिणाम होतो. सुमारे 1350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्के कमी असतो आणि बूस्टरची मदत निदान तेवढी तरी घटते. युरोपीय नियम आर 13-एच प्रमाणे कारचा पूर्ण ब्रेक 500 न्यूटन, म्हणजे सुमारे 51 किलोच्या आत लागायला हवा, आणि बिघाड झाला तरी तेवढ्याच जोरात निदान 2.44 मीटर प्रति वर्गसेकंद इतका वेग घटायला हवा. जुन्या गाडीला हा नियम लागू नाही, पण बदल करणाऱ्याने तोच मापदंड धरावा: बूस्टर मेला तरी गाडी पायाने थांबली पाहिजे. बूस्टर आहे म्हणून मास्टर सिलिंडर मोठा घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

डिस्क ब्रेक बसवले की पेडल हलके होते, ही समजूत चुकीची आहे. कॅलिपरला ड्रमसारखी आपोआपची ओढ नसते. पॅड जितका दाबला तितकाच धरतो. त्यामुळे बूस्टरशिवायची डिस्क ड्रमपेक्षा जड लागते. डिस्कचे गुण वेगळे आहेत: तापल्यावर ती ढिली पडत नाही, पाण्यातून गेल्यावर लगेच सुकते आणि दोन्ही चाकांना सारखा ब्रेक देते. डिस्क घालायचीच तर बूस्टर सोबत घ्यावा, आणि ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमधला दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह काढून टाकावा, नाहीतर पॅड सतत घासत राहतात. पाईप उघडलेच आहेत तर दोन स्वतंत्र सर्किटांचा टँडम मास्टर सिलिंडरही बसवावा. त्याने पेडल हलके होत नाही, पण एक पाईप फुटला तरी दोन चाकांना ब्रेक राहतो. अमेरिकेत 1968 पासून कारला हे बंधनकारक आहे. दोन सर्किटांना रिमोट सर्व्हो मात्र दोन लागतात.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली सरकले तर बूस्टर काम करतो आहे. मग सर्व सांधे कोरड्या फडक्याने पुसून, पेडल मिनिटभर जोरात दाबून धरावे आणि कुठे ऑइलचा थेंब येतो का ते खाली वाकून पाहावे. हँडब्रेक नीट लागतो याची खात्री करूनच, मोकळ्या कोरड्या रस्त्यावर, ताशी 30 किलोमीटरपासून ब्रेक तपासावा आणि कोणती चाके आधी जाम होतात ते सोबतच्या माणसाला बाहेर उभे करून पाहायला सांगावे. मागची होत असतील तर गाडी परत गॅरेजमध्ये न्यावी. नवा लायनर ड्रमला पूर्ण बसायला काहीशे किलोमीटर लागतात. तोवर ब्रेक थोडा जडच राहील, आणि तोवर गाडी घाटात नेऊ नये.